प्रबंधाच्या तळटीपांतल्या लिंक पुन्हा पुन्हा का बिघडतात आणि त्या दुरुस्त कशा करायच्या

कायद्याच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि शोधनिबंध छापायला किंवा परीक्षकाकडे जाण्याआधी त्यांच्या तळटीपा तपासणं हे माझं नेहमीचं काम आहे. विषय दरवेळी वेगळे असतात, पण इंटरनेटवरच्या स्रोतांचा बिघाड तोच तोच सापडतो. त्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: लिंक दिली की स्रोत दिला. लिंक फक्त एवढंच सांगते की अमुक दिवशी अमुक मजकूर अमुक ठिकाणी ठेवलेला होता. मजकूर कुणाचा, कोणत्या तारखेचा, कोणती आवृत्ती आणि त्यातली नेमकी कोणती ओळ, हे तिच्यात नसतं. कायद्याच्या लेखनात तर वाद बहुतेक वेळा त्या एका ओळीवरच असतो.

लक्षणं

यातलं एकही तुमच्या मसुद्यात दिसलं तर पुढच्या तपासण्या करून घ्या.

- गाईडने लिंक उघडली की 'पान सापडलं नाही' असं येतं, किंवा हव्या त्या कागदाऐवजी साइटचं मुखपृष्ठ उघडतं.
- तुमच्या लॅपटॉपवर व्यवस्थित उघडणारी लिंक दुसऱ्याच्या मोबाईलवर लॉगिन मागते.
- एकच तळटीप चार ओळी व्यापते आणि तिच्यात टक्क्यांच्या चिन्हांची नुसती रांग असते.
- लिंक उघडते, पण तुम्ही अवतरणचिन्हांत दिलेलं वाक्य तिथे नसतं.
- एकच निकाल एका तळटीपेत छापील अहवालाच्या (निकालांच्या प्रकाशित संग्रहाच्या) क्रमांकाने येतो आणि दहा पानांनंतर निव्वळ लिंकने, जणू दोन वेगळे निकाल आहेत.
- सगळ्या लिंकांपुढे 'शेवटची भेट' म्हणून एकच तारीख असते, आणि ती प्रबंध जमा करण्याच्या आदल्या दिवसाची असते.

शेवटच्या लक्षणाकडे विद्यार्थी सहसा लक्ष देत नाहीत, पण परीक्षकाला ते पहिल्या फटक्यात दिसतं. दोन वर्षं चाललेल्या संशोधनातले सगळे स्रोत एकाच दिवशी पाहिले असं त्यातून म्हटलं जातं, आणि ते खरं नसतं.

पहिली तपासणी: लॉगिन नसलेल्या खिडकीत उघडून पाहा

याला पैसे लागत नाहीत आणि वेळही फारसा जात नाही. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडा, कॉलेजचं वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर या आणि प्रबंधाच्या पीडीएफमधली प्रत्येक लिंक दाबून पाहा. वर्डच्या फाईलमधून तपासू नका. परीक्षकाच्या हातात पीडीएफ जाते, आणि काही लिंक पीडीएफ बनतानाच तुटतात.

हे अशासाठी करायचं की एससीसी ऑनलाइन, मनुपात्र, हाइनऑनलाइन, जेस्टोर यांसारखी भांडारं कॉलेजच्या वर्गणीवर उघडतात. कॉलेजच्या नेटवर्कवर तुम्हाला वर्गणीचं कुंपण दिसतच नाही. घरून ग्रंथालयाच्या प्रॉक्सीतून, म्हणजे कॉलेजची वर्गणी बाहेरून वापरण्याच्या सोयीतून, गेलात तर पत्त्यातच कॉलेजचं नाव घुसतं, आणि तो पत्ता बाहेरच्या माणसाला निरुपयोगी असतो. अशा ठिकाणी लिंक दुरुस्त करत बसू नका, काढून टाका. भांडाराने स्वतःचा क्रमांक दिलेला असतो: वर्ष, 'एससीसी ऑनलाइन', न्यायालयाचं संक्षिप्त नाव आणि अनुक्रमांक. तोच लिहा. ज्याच्याकडे वर्गणी आहे तो त्यावरून थेट पोचतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याला तुमची लांबलचक लिंकही उघडणार नव्हती.

गूगल ड्राइव्हवरच्या किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या पीडीएफची लिंक तळटीपेत असेल तर ती याच फेरीत बाद करा. कुणीतरी ठेवलेली प्रत केव्हाही काढली जाऊ शकते, आणि ती मूळ कागदाबरहुकूम आहे याची हमी कुणी घेतलेली नसते. पीडीएफवर छापलेलं नाव, तारीख आणि क्रमांक पाहा, मूळ प्रकाशन शोधा आणि त्याचा संदर्भ द्या.

दुसरी तपासणी: पत्ता स्वच्छ करा

पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम' किंवा 'एफबीसीएलआयडी' दिसलं तर तो मजकुराचा भाग नाही. तुम्ही कोणत्या जाहिरातीतून किंवा पोस्टमधून तिथे आलात याची ती नोंद असते. तेवढं काढा. मात्र प्रश्नचिन्हानंतरचं सगळं डोळे मिटून कापू नका. कित्येक सरकारी साइटवर कागदाची ओळख पटवणारा क्रमांक नेमका तिथेच असतो. काढा आणि लगेच पुन्हा उघडून पाहा.

आखूड केलेले पत्ते तळटीपेत अजिबात नकोत. गूगलने आपल्या आखूड पत्त्यांच्या सेवेत नवे पत्ते बनवणं २०१९ मध्ये थांबवलं आणि वापरात नसलेले जुने पत्ते ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केले. शोधनिबंधातला पत्ता वर्षानुवर्षं कुणी दाबत नाही, म्हणून 'वापरात नाही' या यादीत तोच आधी जातो. आखूड पत्ता उघडा, पुढे जो पूर्ण पत्ता दिसेल तो घ्या.

मराठी स्रोत वापरणाऱ्यांना आणखी एक त्रास असतो आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये त्यावर ओळ सापडणं कठीण. मराठी वृत्तपत्राच्या किंवा मराठी विकिपीडियाच्या पानाचा पत्ता कॉपी केला की देवनागरी जाऊन टक्के आणि आकडे येतात. कारण असं की देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकाच्या साठवणीत तीन बाइटचं असतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांनी लिहिला जातो. काना हेही वेगळं चिन्ह. म्हणून 'कायदा' एवढा शब्द पंचेचाळीस अक्षरांचा होतो. अशी तळटीप कुणी हाताने टाइप करू शकत नाही, आणि ओळ तुटताना मध्ये एक जरी अक्षर गळालं तरी पत्ता मरतो. यूआरएल डीकोड करणारी मोफत साधनं आहेत. त्यात तो पत्ता टाकला की देवनागरी परत मिळते, आणि ब्राउझरला तो तसाही चालतो. बातमीच्या पत्त्यात शेवटी लेखाचा क्रमांक असेल तर तो तरी शाबूत आहे ना, हे पाहा.

आता वर्डबद्दल. ओळीच्या शेवटी वर्डने घातलेली जोडरेघ पत्त्याचा भाग समजली जाते, आणि वाक्याचा पूर्णविराम लिंकच्या पोटात जातो. ऑस्कोला या ऑक्सफर्डच्या संदर्भपद्धतीत पत्ता कोनी कंसांत लिहितात तो याचसाठी. पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्यावरून कळतं आणि विरामचिन्हं बाहेर राहतात.

तिसरी तपासणी: लिंकवर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा

प्रत्येक तळटीपेतली लिंक बोटाने झाका. उरलेल्या मजकुरावरून एखादा ग्रंथपाल तो स्रोत शोधून काढू शकेल का? नसेल, तर तळटीप अपुरी आहे, लिंक आज चालत असली तरी. माणूस शोधायचा तर आधी त्याचं नाव लागतं, गल्ली आणि घर नंबर नंतर. इथेही क्रम तोच आहे.

निदान एवढं हवं: लेखक, व्यक्ती नसेल तर संस्था, लेखाचं शीर्षक, साइटचं नाव, प्रसिद्धीची तारीख, पत्ता, आणि तुम्ही पाहिल्याची तारीख. ऑस्कोलाच्या वळणाने मराठीत लिहिलं तर असं दिसेल:

लेखकाचं नाव, 'लेखाचं शीर्षक' (साइटचं नाव, १२ मार्च २०२४) <पत्ता> पाहिले: ५ जून २०२४

भारतीय विधी संस्थेच्या म्हणजे आयएलआयच्या पद्धतीत पत्त्याआधी 'येथे उपलब्ध' या अर्थाचे शब्द आणि शेवटी कंसात भेटीची तारीख येते. ब्लूबुक या अमेरिकी पद्धतीत इंटरनेटसाठी अठरावा नियम आहे आणि मजकुरावर स्वतःची तारीख नसेल तेव्हा भेटीची तारीख द्यायची असते. यांतली कोणती पद्धत चांगली, यावर वेळ घालवू नका. विद्यापीठाने किंवा जर्नलने जी सांगितली असेल ती पहिल्या तळटीपेपासून शेवटच्यापर्यंत एकसारखी वापरा. तीन पद्धतींची मिसळ असलेला प्रबंध आतल्या मजकुराबद्दलही शंका निर्माण करतो.

भेटीची तारीख का द्यायची, हे मात्र नीट समजून घ्या. वेबपान गुपचूप बदलतं. तारीख दिली की 'त्या दिवशी तिथे हे होतं' एवढंच विधान तुम्ही करता, आणि जुनी प्रत शोधणाऱ्याला कोणत्या दिवसाच्या आसपास पाहायचं ते कळतं. म्हणून ती तारीख खरी हवी. झोटेरोसारखं संदर्भ साठवणारं मोफत साधन सुरुवातीपासून वापरलं तर पान साठवल्याची तारीख आपोआप नोंदली जाते.

चौथी तपासणी: या स्रोतासाठी लिंक हवी तरी आहे का?

इथे थोडे श्रम आहेत, पण निम्म्याहून जास्त दुखणी इथेच मिटतात. ऑस्कोलाचा स्पष्ट दंडक आहे: जे छापीलही उपलब्ध आहे त्याचा संदर्भ छापील रूपाने द्या, तुम्ही ते पडद्यावर वाचलं असलं तरी. पुस्तक, जर्नलमधला लेख, निकाल, अधिनियम यांची ओळख इंटरनेटच्या आधीपासून ठरलेली आहे आणि ती साइट बदलल्याने बदलत नाही.

निकालांपासून सुरुवात करा. 'श्रेया सिंघल वि. भारत संघ, (२०१५) ५ एससीसी १' एवढं लिहिलं की (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा अहवाल) जगातल्या कुठल्याही विधी ग्रंथालयात तो निकाल सापडतो. इंडियन कानून ही निकालांची मोफत साइट २००८ पासून आहे. शोधायला आणि वाचायला त्याचा मोठा आधार आहे, त्याने सामान्य माणसापर्यंत निकाल पोचवले. पण ते निकाल शोधण्याचं साधन आहे. निकालाची ओळख म्हणून ते वापरायचं नाही. अहवालात न आलेला निकाल असेल तर पक्षकारांची नावं, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, न्यायालय आणि तारीख द्या. आता तटस्थ क्रमांकही मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वर्ष, 'आयएनएससी' आणि अनुक्रमांक अशी पद्धत आणली. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात वर्षानंतर 'बीएचसी' आणि त्यापुढे अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा वगैरेंपैकी कोणतं पीठ ते कळतं. हा क्रमांक न्यायालय स्वतः देतं, त्यासाठी कुठल्याही प्रकाशकाची वर्गणी लागत नाही. ज्यांच्या कॉलेजकडे महागडी भांडारं नाहीत त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि ती वापरली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या साइटचा पत्ता गेल्या काही वर्षांत एकाहून जास्त वेळा बदलला आहे. जुन्या प्रबंधांतले 'सुप्रीमकोर्टऑफइंडिया डॉट एनआयसी डॉट इन' हे पत्ते आज अडगळ झाले आहेत. पण त्याच तळटीपांत प्रकरण क्रमांक आणि तारीख असेल तर निकाल दोन मिनिटांत मिळतो. ज्यांत नाही त्या तळटीपा मेल्या.

अधिनियमांचं दुखणं वेगळं आहे. इथे लिंक उघडते, मजकूरही दिसतो, पण तो जुना असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेची पानं असंख्य खाजगी साइटवर जशीच्या तशी आहेत आणि त्यांवर कुठेही तसं लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ ने राज्याच्या अनेक जुन्या कायद्यांच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. १९५१ चा मुंबई पोलिस अधिनियम आज महाराष्ट्र पोलिस अधिनियम आहे. खाजगी साइटवरून उचललेली जुनी नावं प्रबंधात दिसली की मी आधी तो मजकूरही जुना नाही ना, हे पाहते. केंद्र सरकारच्या इंडिया कोड या कायद्यांच्या साइटवर तपासा, आणि दुरुस्तीवरच वाद असेल तर राजपत्रातला मूळ कागद गाठा.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६अ चं उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. श्रेया सिंघलमध्ये मार्च २०१५ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. तेव्हा अ‍ॅटर्नी जनरलनी सांगितलं की छापील अधिनियमात कलम तसंच दिसतं, ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत असते. तळटीप न वाचल्यामुळे माणसांवर गुन्हे दाखल होऊ शकतात, इतकं तिचं वजन आहे.

शासन निर्णयांचं त्यामानाने सोपं आहे. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक नव्या जीआरच्या शेवटी संगणक संकेतांक छापलेला असतो. तो लांब असतो आणि त्याच्या सुरुवातीला वर्ष, महिना, दिवस येतो. विभागाचं नाव, शासन निर्णय क्रमांक, तारीख आणि हा संकेतांक एवढं द्या. साइटची मांडणी बदलली तरी संकेतांक घालून शोधता येतं.

जर्नलमधल्या लेखाला डीओआय असेल तर बाकी कोणताही पत्ता देऊ नका. 'दहा' आणि टिंबाने सुरू होणारा हा क्रमांक लेखाला दिलेला असतो. प्रकाशकाने सर्व्हर बदलला की नवा पत्ता त्या क्रमांकाशी जोडला जातो. एसएसआरएन या संशोधकांचे मसुदे ठेवणाऱ्या साइटवर वाचलेला मसुदा पुढे जर्नलमध्ये छापून आला असेल तर छापील लेख वाचून त्याचाच संदर्भ द्या, कारण संपादनात पानंच काय, कधी निष्कर्षही बदलतात.

विकिपीडियाबद्दल विचारलं जातं म्हणून: हेवलेट पॅकार्डच्या सीमाशुल्क प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये असे लोकसहभागातून लिहिलेले स्रोत कायदेशीर वाद सोडवायला पुरेसे विश्वासार्ह नाहीत, असं बजावलं. वाचायला वापरा, त्याखालचे संदर्भ उघडा, आणि त्यांतला जो मूळ स्रोत तुम्ही स्वतः वाचाल तो द्या.

पाचवी तपासणी: प्रत जतन झाली आहे का?

चौथ्या तपासणीनंतरही काही लिंका उरतातच: ब्लॉगवरचं विश्लेषण, संस्थेचं पत्रक, मंत्रालयाचं निवेदन, बातमी. त्यांना छापील रूप नसतं. इथे जतन करणं हाच उपाय.

झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग या तीन अभ्यासकांनी २०१४ मध्ये तपासून दाखवलं की हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि इतर जर्नलांमधल्या ७० टक्क्यांहून जास्त लिंका, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या निम्म्या लिंका, मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. २०११ च्या ब्राउन वि. एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन या प्रकरणात त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती अलिटो यांनी दिलेली एक लिंक पुढे मेली. कुणीतरी तो पत्ता विकत घेतला आणि इंटरनेटवरची माहिती कशी नाहीशी होते याची नोंद करणारं पान तिथे टाकलं. निकालात लिंक तीच राहिली, पण उघडल्यावर भलताच मजकूर येऊ लागला. मेलेल्या लिंकपेक्षा हा धोका मोठा आहे, कारण वाचणाऱ्याला वाटतं न्यायमूर्तींनी हेच वाचलं होतं.

करायचं काय: इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर 'सेव्ह पेज नाऊ' अशी सोय आहे, मोफत. पत्ता घाला, प्रत बनू द्या, आणि ती उघडून मजकूर खरंच आला आहे का ते डोळ्यांनी पाहा. हे शेवटचं पाऊल गाळू नका. क्लिक केल्यावरच उघडणारा मजकूर, कॅप्चामागचे आदेश, वर्गणीची पानं बऱ्याचदा रिकामी जतन होतात. तळटीपेत मूळ पत्ता आणि जतन केलेल्या प्रतीचा पत्ता, दोन्ही द्या. हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाची पर्मा सीसी ही सेवा २०१३ पासून खास अशाच संदर्भांसाठी आहे. तुमचं ग्रंथालय तिचं सदस्य असेल तर तीच वापरा. गूगलच्या कॅशेवर, म्हणजे गूगलने साठवलेल्या प्रतींवर, विसंबू नका, २०२४ मध्ये ती सोय काढून घेण्यात आली.

वेबॅकवर पान जतन होत नसेल तर पीडीएफ करून तारखेसह स्वतःजवळ ठेवा. व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) विचारलं तर दाखवता येतं. वर्गणीच्या भांडारातून उतरवलेल्या पीडीएफ मात्र सार्वजनिक ठिकाणी चढवू नका, ते कराराचं आणि स्वामित्व हक्काचं उल्लंघन होतं.

समाजमाध्यमावरची पोस्ट असेल तर खात्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, आणि वापरण्याच्या दिवशीच जतन करा. व्हिडिओ असेल तर मिनिट आणि सेकंद. घटनापीठांच्या सुनावणीचं थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ पासून होऊ लागलं आणि त्या पहिल्याच दिवशी शिवसेनेच्या प्रकरणाची सुनावणी होती. तेव्हापासून प्रबंधांत सुनावणीतली वाक्यं येऊ लागली आहेत. वेळ द्याच, पण ते न्यायमूर्तींचं तोंडी निरीक्षण आहे हेही तिथेच लिहा. निकालात जे आलं नाही ते निकालाचा भाग म्हणून मांडता येत नाही.

सहावी तपासणी: प्रत्येक वाक्य मूळ मजकुराशी ताडून पाहा

सगळ्यात कष्टाची आणि म्हणूनच टाळली जाणारी तपासणी. लिंक चालते, तळटीप सुबक आहे, पण तिथे जे लिहिलंय ते तुमच्या विधानाला आधार देतं का? एक एक तळटीप उघडा आणि तुमचं वाक्य शेजारी ठेवून वाचा.

मोठ्या निकालात परिच्छेद क्रमांकाचा घोळ हमखास होतो. न्यायमूर्ती पुट्टस्वामी वि. भारत संघ, (२०१७) १० एससीसी १, या खाजगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींची सहा स्वतंत्र निकालपत्रं आहेत. न्यायालयाच्या साइटवरच्या पीडीएफमध्ये प्रत्येक निकालपत्राचे परिच्छेद नव्याने एकपासून सुरू होतात, तर अहवालात ते सलग येतात. त्यामुळे साइटवरून वाचून 'परिच्छेद १२' लिहिलं आणि पुढे एससीसीचा क्रमांक दिला, तर वाचणारा भलत्याच न्यायमूर्तींच्या मतावर जाऊन पोचतो. जिथून वाचलं तिथलाच परिच्छेद क्रमांक द्या आणि न्यायमूर्तींचं नाव जोडा.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी भाषांतरित निकालांकडे खास लक्ष द्यावं. सर्वोच्च न्यायालयाच्या साइटवर मराठी अनुवाद मिळतात आणि त्यांवरच नोंद असते की अनुवाद पक्षकाराला समजावा यासाठी आहे, अधिकृत पाठ इंग्रजीच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयांची आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मराठी अनुवादातलं वाक्य जरूर उद्धृत करा, तो न्यायालयाचा अनुवाद आहे असं तळटीपेत लिहा, आणि वाद शब्दाच्या छटेवर असेल तर इंग्रजी परिच्छेदाचा क्रमांक सोबत द्या. अनुवाद तुमचा स्वतःचा असेल तर 'अनुवाद प्रस्तुत लेखकाचा' एवढे शब्द पुरतात.

आणि आता नवं दुखणं: जो निकाल अस्तित्वातच नाही त्याचा संदर्भ. चॅटबॉटने दिलेली नावं खरी वाटतात, अहवालाचे क्रमांकही ठाकठीक दिसतात. न्यूयॉर्कच्या माटा वि. एव्हिआंका प्रकरणात वकिलांनी असे बनावट निकाल न्यायालयात सादर केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. कोणताही निकाल तुम्ही स्वतः उघडून, तारीख आणि न्यायमूर्तींची नावं पाहून वाचला नसेल, तर तो तळटीपेत जाऊ देऊ नका. दुसऱ्याच्या लेखातून घेतला असेल तर 'अमुक लेखात उद्धृत' असं स्पष्ट लिहा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

स्रोत कुठेच सापडत नाही, वेबॅकवरही नाही, आणि प्रबंधातल्या एखाद्या प्रकरणाचा युक्तिवाद त्यावर उभा आहे, अशी वेळ आली तर तळटीप सजवत बसू नका. गाईडला त्याच आठवड्यात सांगा. संदर्भाशिवाय उरलेला तो मजकूर यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांखाली प्रश्न निर्माण करू शकतो. तो भाग ठेवायचा, बदलायचा की काढायचा, हा निर्णय एकट्याने घेण्याचा नाही.

जुनं राजपत्र किंवा १९६० च्या आधीची मुंबई सरकारची अधिसूचना हवी असेल तर इंटरनेटवर दिवस घालवू नका. विधी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला विचारा. त्यांच्याकडून काम झालं नाही तर चर्नी रोडचं शासकीय मध्यवर्ती मुद्रणालय आणि टाऊन हॉलमधलं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय या दोन ठिकाणी चौकशी करा. जाताना अधिसूचनेची तारीख आणि विभाग लिहून न्या, नुसत्या विषयावरून शोधणं त्यांनाही अवघड जातं.

साइटवरचा निकाल आणि अहवालातला निकाल यांत मजकुराचा फरक दिसला, तर कोणता बरोबर हे तर्काने ठरवू नका. निकालात नंतर दुरुस्ती झालेली असू शकते. दुरुस्तीचा आदेश आहे का ते पाहा, आणि मुद्दा महत्त्वाचा असेल तर न्यायालयाच्या कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायला वकिलाची मदत घ्या.

हाच मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून जाणार असेल तर तळटीपेचे सगळे नियम बाजूला राहतात. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास कुशनराव गोरंट्याल, (२०२०) ७ एससीसी १, या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या छापील प्रतीसोबत पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागतंच. आता त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६३ आहे आणि त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, त्यात फाईलचं हॅश मूल्यही (फाईल बदललेली नाही हे तपासायची खूण) द्यावं लागतं. वेबॅकची लिंक किंवा स्क्रीनशॉट तिथे पुरत नाही. पान अजून उघडत असेल तोवरच वकिलाकडे जा, कारण ते उडाल्यावर प्रमाणपत्र कशाचं द्यायचं हाच पेच होतो.